डॅन्यूबकाठी पासाऊ ते व्हिएन्ना: सायकल रेल्वेत कशी न्यायची? (नागपूरहून चौघं)

सेमिनरी_हिल

रामराम मंडळी. ऑगस्ट २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून आम्ही चौघं डॅन्यूबकाठच्या सायकलवाटेवर जायचा बेत करून राहिलो आहोत. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, अंदाजे ३२० किलोमीटर, सायकलवर सहा दिवस. पोळ्याच्या आत घरी पोचायचं आहे, म्हणजे जाण्यायेण्यासकट दहा-अकरा दिवस हातात. तिघं चाळिशीतले, चौथे काका ६२ चे. सपाटीवर दिवसाला ६० किलोमीटर कोणालाच जड नाही. चढ मात्र काकांना नको.

टूर कंपनीचं पॅकेज घ्यायचं नाही. विमानानं म्युनिकला उतरायचं, तिथून रेल्वेनं पासाऊ, आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून, इथवर ठरलं. पुढे गाडं अडलं.

जर्मनीत सायकल रेल्वेत चढवायला रिझर्व्हेशन लागतं की नाही? जिथे वाचावं तिथे वेगळंच लिहिलेलं. सायकली इथून न्याव्या की तिथं भाड्यानं घ्याव्या? वाटेत कोणी थकलं किंवा दिवसभर पाऊस लागला तर सायकलसकट गाडी पकडून पुढच्या मुक्कामाला जाता येतं का, आणि कुठल्या स्टेशनावरून? व्हिसा जर्मनीचा मागायचा की ऑस्ट्रियाचा?

आपल्याकडे पार्सल ऑफिसात पावती फाडून सायकल गार्डाच्या डब्यात टाकतात, तेवढंच माहीत आहे. तिकडची रीत कोणी नीट समजावून सांगा जी.

लोहमार्ग

तिकडे पार्सल ऑफिस ही भानगडच नाही. सायकल तुम्हीच डब्यात चढवायची, तुम्हीच बांधायची, तुम्हीच उतरवायची. रिझर्व्हेशन लागतं आणि लागत नाही, दोन्ही खरं. गाडी कोणती यावर ते ठरतं.

लांब पल्ल्याच्या गाड्या म्हणजे जर्मनीच्या आयसीई, आयसी, ईसी आणि ऑस्ट्रियाची रेलजेट. यांत सायकलचं वेगळं तिकीट आणि सायकलच्या जागेचं आरक्षण, दोन्ही सक्तीचं. जागा मोजक्या: आयसीई-४ मध्ये ८, रेलजेटमध्ये साधारण ५, जुन्या आयसीई-३ मध्ये एकही नाही. उन्हाळी सुट्टीत या जागा माणसांच्या सीटच्या किती तरी आधी संपतात. त्यामुळे अशा गाडीनं जायचं असेल तर आधी सायकलची जागा, मग माणसाचं तिकीट, मग हॉटेल, या क्रमानं चाला. चौघांना एकाच गाडीत चार जागा मागणं म्हणजे अर्धा कोटा मागणं. शिवाय गाडी रद्द झाली तर तुम्ही पुढच्या गाडीत बसू शकता, पण सायकलची जागा आपोआप पुढच्या गाडीत सरकत नाही. तिथे जागा नसेल तर गार्ड सायकल घेणार नाही.

प्रादेशिक गाड्यांचं वेगळं आहे. जर्मनीत आरई आणि आरबी, ऑस्ट्रियात आरईएक्स, शिवाय दोन्हीकडची एस-बान म्हणजे शहरी लोकल. इथे आरक्षण नाही, सायकलचं तिकीट तेवढं लागतं, आणि डब्यात जागा असेल तर प्रवेश. व्हीलचेअर आणि बाबागाडीचा हक्क आधी. बव्हेरियाच्या (म्युनिक आणि पासाऊ याच राज्यात) शाळांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, त्यामुळे शनिवार-रविवारी सकाळी डॅन्यूबच्या दिशेनं जाणाऱ्या गाड्यांत सायकलींची रांग लागते. मंगळवार-बुधवारी उतराल असं विमान घ्या.

म्युनिक विमानतळावरून शहरात जाऊ नका. विमानतळावरूनच आरई २२ ही गाडी लांड्सहूटला जाते. तिथे उतरून म्युनिकहून येणारी आरई ३ पकडायची. तिला डोनाऊ-इझार-एक्स्प्रेस म्हणतात आणि ती प्लॅटलिंगमार्गे पासाऊला जाते. एरवी अडीच-तीन तासांत पोचता. शहरात शिरलात तर एस-बानमध्ये सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ सायकल चालत नाही, ती एक कटकट टळते.

तिकीट: बायर्न-टिकेट. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, बव्हेरियातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांत दिवसभर. कामाच्या दिवशी सकाळी ९ पासून दुसऱ्या पहाटे ३ पर्यंत चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात, ती गाडी सुटण्याआधी लिहा. सायकली यात येत नाहीत. प्रत्येक सायकलला बव्हेरियाचं एक दिवसाचं सायकल-तिकीट वेगळं.

आता तुमच्या तारखांची अडचण. जर्मनीत सध्या मोठे मार्ग महिनोन्‌महिने संपूर्ण बंद ठेवून दुरुस्ती चालू आहे. ओबरट्राउब्लिंग ते पासाऊ हा पट्टा जून ते डिसेंबर २०२६ साठी त्या यादीत आहे, आणि प्लॅटलिंग ते पासाऊ त्याच पट्ट्यात येतं. बंद मार्गावर बदली बस असते. बसमध्ये बॅगा चालतात, सायकल चालत नाही. ड्रायव्हरला गयावया करून उपयोग नाही, चार सायकली ठेवायला जागाच नसते.

सायकली सोबत असतील तर दोन वाटा. पहिली: गाडीनं प्लॅटलिंगपर्यंत जा आणि तिथूनच पेडल मारायला लागा. डेगेनडॉर्फ, फिल्सहोफेन करत पासाऊ साधारण ६५-७० किलोमीटर, सगळं सपाट, आणि हीच वाट पुढे व्हिएन्नाला जाणाऱ्या युरोवेलो ६ या लांब पल्ल्याच्या युरोपीय सायकलवाटेचा भाग आहे. एक दिवस वाढतो, बस. दुसरी: मागच्या दारानं. म्युनिक ते साल्झबुर्ग प्रादेशिक गाडीनं (बायर्न-टिकेट साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत चालतं), पुढे ऑस्ट्रियाच्या गाडीनं वेल्स, आणि वेल्सहून शेर्डिंगमार्गे पासाऊ. सगळं आरक्षणाविना, पण गाड्या बदलण्यात दिवस जातो. मला पहिली वाट बरी वाटते.

डब्यात चढताना: दारावर सायकलचं चित्र असलेलाच डबा. फलाटावर ए, बी, सी अशा खुणा असतात, तुमचा डबा कुठे थांबेल ते फलकावर दिसतं. पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) गाडी येण्याआधीच उतरवून ठेवा. लादलेली सायकल २५ किलोच्या वर जाते आणि काही जुन्या डब्यांना अजून पायऱ्या आहेत. एक जण आत, दोघं सायकली देणारे, चौथा बॅगा. ज्याला आधी उतरायचं त्याची सायकल बाहेरच्या बाजूला. एकावर एक टेकवून ठेवल्या की वळणावर घसरतात, म्हणून प्रत्येकी एक मीटरभर बकलचा पट्टा जवळ ठेवा.

खामला_चौक

एवढं डोकं कशाला लावता भाऊ? डॉइशलँड-टिकेट काढा, महिनाभर देशभर सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या.

लोहमार्ग

ते जानेवारी २०२६ पासून माणशी ६३ युरो आहे, वर्गणी पद्धतीचं आहे, वेळेत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, आणि सायकल त्यात धरलेली नाही. जर्मनीत यांचा रेल्वेप्रवास एक दिवसाचा. बायर्न-टिकेटच.

चेनकव्हर

लोहमार्ग यांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण त्यातला निम्मा त्रास सायकल इथून नेली तरच आहे. तुमच्या प्रवासाला सायकल भाड्यानं घ्या. पासाऊ-व्हिएन्ना ही युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या सायकलवाटांपैकी एक; पासाऊमध्ये घेऊन व्हिएन्नात परत करायची सोय तिथे सर्रास मिळते. मग विमानतळ ते पासाऊ तुम्ही फक्त बॅगा घेऊन जाता, बदली बसही चालते, आणि व्हिएन्नात खोका शोधत फिरावं लागत नाही. सहा दिवसांच्या सायकलिंगसाठी चार खोके नागपूर-मुंबई-म्युनिक असे ओढणं मला तरी पटत नाही. महिनाभराचा दौरा असता तर वेगळं बोललो असतो.

बुकिंग करताना ईमेलवर नुसती उंची कळवू नका, मांडीपासून टाचेपर्यंतची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. फ्रेमचं माप त्यावर ठरतं. पुढच्या चार गोष्टी लेखी विचारा.

मागच्या चाकाला पायडलब्रेक आहे का? जर्मन भाड्याच्या सायकलींत हा प्रकार फार: पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याला सिग्नलला थांबल्यावर पायडल मागे फिरवून वर आणायची सवय असते, तिथे ते अडतं, आणि चालत्या सायकलवर नकळत मागे फिरलं तर चाक करकचून थांबतं. फ्रीव्हील असलेली, म्हणजे पायडल मागे मोकळं फिरणारी मागा. दुसरं, ब्रेकचे दांडे. भारतात उजव्या हाताला पुढचा ब्रेक, तिकडे बहुधा डाव्या हाताला. ओल्या रस्त्यावर घाईत डावा हात दाबला जातो आणि पुढचं चाक घसरतं. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये दहा-बारा वेळा थांबून हात बसवा. तिसरं, व्हॉल्व कोणता आणि सोबतचा पंप त्यालाच बसतो का. चौथं, पॅनिअर, कुलूप, एक ट्यूब आणि हत्यारं भाड्यात आहेत का.

स्वतःचं सीट आणि पायडल मात्र न्या. सीटचा क्लॅम्प आणि पायडलचे आटे जवळपास सगळीकडे सारखे. सायकल परकी असली तरी बसायची जागा ओळखीची राहते, आणि चौथ्या दिवशी तेच महत्त्वाचं ठरतं.

काकांसाठी ई-बाइक घ्या, पण तिथलीच. तिची बॅटरी ४००-५०० वॅट-तासांची असते. प्रवासी विमानात १६० च्या वर चालत नाही, म्हणजे इथून नेणं शक्यच नाही. रेल्वेत ई-बाइकचं वजन लक्षात ठेवा: २५ किलोच्या आसपास. काही रेलजेट डब्यांत सायकल पुढच्या चाकानं हुकला टांगावी लागते, ते एकट्यानं होत नाही. प्रादेशिक गाडीत ती खालीच उभी राहते.

सेमिनरी_हिल

दोघांचेही आभार. तिघांचं भाड्यावर ठरलं, त्यात काकांना ई-बाइक. पण एक पठ्ठ्या ऐकून नाही राहिला, त्याला स्वतःचीच सायकल न्यायची आहे. ७००सी चाकं, हायड्रॉलिक डिस्क, १० स्पीड. त्याच्यासाठी पॅकिंगचं सांगा. तो प्लॅटलिंगहून एकटा चालवत येईल, बाकीचे बसनं.

चेनकव्हर

हौसेला मोल नाही. सांगतो.

आधी तिकीट. नागपूर ते मुंबई आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर घेतलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासाची सामानमर्यादा पूर्ण वाटेला लागू होते. वेगळी तिकिटं काढली तर देशांतर्गत टप्प्यावर १५ किलोत खोका आणि कपडे बसवावे लागतात आणि जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. दुसरा पर्याय, नागपूर-मुंबई दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस आणि खोका ब्रेक व्हॅनमध्ये. दोन्ही सीएसएमटीला संपतात, त्यामुळे उतरवायला घाई नसते. पण स्टेशनावर पार्सल सुटायला वेळ लागतो, म्हणून विमान त्याच दिवसाचं ठेवू नका. विमान कंपनीला सायकल नेतोय हे बुकिंगनंतर लगेच कळवा आणि खोक्याची मापं ईमेलवर मंजूर करून घ्या. नेहमीच्या बॅगेची लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर धरतात; सायकलचा खोका त्याच्या खूप पुढे जातो, म्हणून तो खेळाचं सामान म्हणून नोंदवावा लागतो.

खोका सायकलच्या दुकानातून मागून घ्या, नव्या सायकली त्यातच येतात. उघडायचा क्रम: दोन्ही पायडल (डाव्या पायडलचे आटे उलटे, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं, नेमकं इथेच जोर लावून आटे मारले जातात), सीट, पुढचं चाक, हँडल सैल करून फ्रेमला समांतर. मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला अडकवणाऱ्या धातूच्या पट्टीवरून सोडा, बबलरॅपमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणात आत बांधा. खोका आपटला की सगळ्यात आधी हँगर वाकतो, आणि हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. त्याच मॉडेलचा एक जादा हँगर नागपुरातूनच मागवून ठेवा. वाटेत लिंत्सला नेमका तोच मिळेल याची खात्री धरू नका.

हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत प्लास्टिकची चकती किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला. तसं न करता कोणी ब्रेकचा दांडा दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि परत चाक बसत नाही. पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) मोकळा राहतो, त्याच्या टोकांत आडवा ठोकळा बसवा. नव्या सायकलींसोबत येणारा प्लास्टिकचा तुकडा दुकानदार फेकून देतात, तोच मागा. टायरमधली हवा कमी करा, सगळी काढू नका, रिमला मार बसू नये एवढी राहू द्या.

सोबत: दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा, १० स्पीडचीच चेन-लिंक दोन, गिअरची एक वायर, डिस्कचे पॅड एक जोड, तीन स्पोक (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते, मोजून घ्या), ४-५-६ मिमी ॲलन की, कॅरिअरचे एम-५ बोल्ट चार. कॅरिअरचे बोल्ट खडबडीत वाटेवर सैल होतात, त्यांना थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावून निघा. हत्यारं चेक-इनमध्ये, पॉवरबँक हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएचची पॉवरबँक ७४ वॅट-तास होते, १०० च्या आत आहे.

महागाची सायकल असेल तर मुंबईत निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. बिल आणि फ्रेमचा नंबर लागतो. परत येताना नवी खरेदी समजून ड्यूटीचा प्रश्न आला तर तोच कागद कामी येतो. पण हे चेक-इनच्या आधी, सायकल हातात असताना.

व्हिएन्नात परतीचा खोका सायकलच्या दुकानाला आठवडाभर आधी ईमेल करून राखून ठेवायला सांगा. रविवारी दुकानं बंद, म्हणून सोमवारचं विमान असेल तर खोका शनिवारीच ताब्यात हवा.

डोनाऊकाठी

वाटेत रेल्वे कुठे मिळते यावर कोणी बोललं नाही, ते मी लिहिते. लिंत्सच्या बाजूची माहिती आहे.

आधी दिशा. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताय ते बरोबर: नदी उताराची, पासाऊ सुमारे ३०० मीटर उंचीवर आणि व्हिएन्ना १६० च्या आसपास, शिवाय वाराही बहुतेक दिवस पश्चिमेचा, पाठीवर. उलट दिशेनं येणाऱ्यांची तोंडं बघितली की फरक कळतो.

पासाऊ ते श्लोगेन साधारण ४५ किलोमीटर. श्लोगेनला नदी डोंगराला अडून जवळजवळ उलटी वळते. उत्तर काठानं गेलात तर या वळणापाशी सायकलवाट तुटते आणि फेरीबोट घ्यावीच लागते. दक्षिण काठ सलग आहे. फेऱ्या हंगामी आणि दिवसाच चालतात, संध्याकाळी उशिरा पोचलात तर बोटवाला घरी गेलेला असतो.

आणि इथेच सावध राहा: पासाऊ ते आशाख या पट्ट्यात नदीकाठी रेल्वेच नाही. पासाऊ-वेल्स रेल्वे दक्षिणेला शेर्डिंगकडून निघून जाते. म्हणजे पहिल्या दीड दिवसात थकलात तर गाडी नाही, टॅक्सी किंवा बोट. काकांचा पहिला दिवस म्हणून ४५ वरच थांबवा. आशाखनंतर दक्षिणेला थोडं आत एफर्डिंगहून लिंत्सला लोकल आहे, उत्तर काठावर ओटेन्सहाइमहून म्युलक्राइसबान ही लोकल लिंत्स-उर्फारला जाते. ओटेन्सहाइमची फेरी बघण्यासारखी आहे, वर ताणलेल्या तारेला बांधलेली आणि फक्त प्रवाहाच्या जोरावर चालणारी.

लिंत्स ते ग्राइन ६० च्या थोडं वर. हा सोयीचा टप्पा: उत्तर काठावर माउटहाउजेन, पेर्ग, ग्राइन या गावांना सांक्ट व्हॅलेंटिनहून येणारी प्रादेशिक गाडी आहे. माउटहाउजेनची नाझी छळछावणी आता स्मारक आहे; नदीपासून चढ चांगलाच आहे आणि बघायला किमान तीन तास हवेत. जायचं असेल तर त्या दिवशी मुक्काम पेर्गच्या आसपास धरा, ग्राइन गाठायच्या मागे लागू नका.

ग्राइन ते मेल्क ५० च्या आत. मेल्कला मुख्य पश्चिम रेल्वे लागते, व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफला थेट प्रादेशिक गाड्या, सायकल आरक्षणाविना. सगळं बिनसलं तर सुटका इथे करून घ्यायची. मेल्क ते क्रेम्स म्हणजे वाखाऊ ही द्राक्षबागांची दरी, ३६-३७ किलोमीटरच, पण तिथे घाई करणं हा गुन्हा आहे. उत्तर काठावर श्पिट्झ, ड्युर्नश्टाइन; दक्षिण काठ शांत, जर्दाळूच्या बागा. या पट्ट्यात रोजची नियमित रेल्वे नाही, उत्तर काठाची वाखाऊबान हंगामी पर्यटक गाडी आहे. पाऊस असेल तर मेल्क-क्रेम्स प्रवासी बोट सायकल घेते. द्राक्षबागांतल्या खानावळींत वाईन पिऊन सायकल चालवणार असाल तर ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही रक्तातल्या अल्कोहोलची ०.८ प्रोमिल (हजारात ०.८ भाग) मर्यादा आहे, आणि दंड जबर आहे.

क्रेम्सहून व्हिएन्ना ८० किलोमीटर. काकांना जड वाटलं तर टुल्नपर्यंत ४५ करा आणि तिथून एस ४० किंवा आरईएक्सनं फ्रान्झ-योसेफ्स-बानहोफला उतरा. व्हिएन्नात भुयारी रेल्वेत सायकल कामाच्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी साडेसहानंतरच चालते. एस-बानला हे बंधन नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात पूर येत नाही असं समजू नका. ऑगस्ट २००२ आणि सप्टेंबर २०२४ दोन्ही वेळा लोअर ऑस्ट्रिया या राज्यात मोठं पाणी आलं. पासाऊला जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर खुणा कोरलेल्या आहेत. चार दिवस सलग पाऊस लागला तर सायकलवाट नदीच्या अगदी कडेची असल्यानं आधी तीच बंद होते. मुक्काम रद्द करता येतील असेच घ्या.

रविवार बघून ठेवा. सुपरमार्केट बंद असतात, छोट्या गावात तर काहीच उघडं नसतं. शनिवारी पाच वाजायच्या आत ब्रेड, चीज, फळं भरून घ्या. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी प्यायचंच असतं.

पासपोर्टपंत

व्हिसा राहिला. शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणारे युरोपीय देश) जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. तुमचे जर्मनीत एक-दोन रात्री, बाकी सगळ्या ऑस्ट्रियात, म्हणून ऑस्ट्रिया. म्युनिकला उतरता म्हणून जर्मनीकडे अर्ज केलात तर मुक्कामांची यादीच तुमच्या विरुद्ध बोलेल. दिवस समसमान असते तरच पहिला प्रवेश कुठे ते बघतात. प्लॅटलिंगहून चालवत येणाऱ्याची जर्मनीतली एक रात्र वाढली तरी गणित बदलत नाही.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्याच्या भेटीच्या तारखा झपाट्यानं भरतात, म्हणून तुम्ही मार्चमध्येच कागद तयार ठेवा. मोठ्यांना शुल्क ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोचा. पॉलिसीत सायकलिंग वगळलेलं नाही ना, ते कलम वाचा, साहसी खेळांच्या यादीत ते कधीकधी घुसडलेलं असतं. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. सायकलप्रवास आहे हे लपवू नका: एका पानावर तारीख, गाव, किलोमीटर, मुक्काम आणि सायकलच्या भाड्याची पावती जोडा.

खाण्याचं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे संत्रा बर्फी, पेढे, तुपातले लाडू बाद. संत्रीसुद्धा बाद, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. चिवडा, भाजणी, चटणी, मेतकूट चालतं. काका शाकाहारी असतील तर केझश्पेत्सले (चीज घातलेल्या जाड शेवयांसारखा पदार्थ) हा शब्द पाठ करून ठेवा, बहुतेक खानावळींत मिळतं. पण वर तळलेले मांसाचे तुकडे नकोत हे सांगूनच मागवा.

सेमिनरी_हिल

काका शाकाहारीच आहेत, बरं झालं सांगितलं. शेवटचं एक. बसनं पासाऊला येणारे तिघं आणि प्लॅटलिंगहून सायकलनं येणारा, यांचं बायर्न-टिकेट एकच चालेल का?

लोहमार्ग

विमानतळ ते प्लॅटलिंग चौघं एकत्र आहात तोवर एकच चालतं, चौघांची नावं लिहा आणि त्याच्या सायकलचं तिकीट वेगळं घ्या. प्लॅटलिंगला तो उतरला की तिकीट तुमच्याकडे ठेवा, बदली बसमध्येही तेच दाखवायचं. त्याला त्या दिवशी पुढे रेल्वे लागणार नाही. मात्र सायकल जोडायला विमानतळावरच दीड तास धरा. खोका उघडायचा तो प्लॅटलिंगच्या फलाटावर नको. आरई २२ मध्ये खोका घेऊन चढणं जोडलेल्या सायकलपेक्षा अवघड जातं.